मृग नेमका कधी लागतो?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं शब्दांकन. बोलताना घरंगळलेली वाक्यं जराशी सरळ केलीत, आकडे पुन्हा तपासून घातलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आमच्या युसूफ वडगावात, म्हणजे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात, जून महिन्यात पारावर ऐकू येणारी वाक्यं जरा कान देऊन ऐका. ‘मिरग बरसला.’ ‘आर्द्रा कोरडी गेली.’ ‘हस्तानं झोडपलं.’ यात पाऊस हा शब्दच नाही. बरसणारा मृग आहे, झोडपणारा हस्त आहे. म्हणजे पाऊस ही कुठून तरी येणारी गोष्ट नाही, तर काळाच्या एकेका तुकड्याची ती मालमत्ता आहे, आणि तो तुकडा आपल्या मर्जीने ती देतो किंवा राखून ठेवतो. हे कुणी शाळेत शिकवत नाही. भाषेबरोबरच ते आत येतं. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला याला ‘स्कीमा’ म्हणावंसं वाटतं: डेटा नंतर भरला जातो, रकाने आधीच आखलेले असतात. मराठीत ‘साचा’ म्हणू. आजचा भाग या साच्यांबद्दल आहे. शेतकऱ्याच्या डोक्यातला साचा आणि शास्त्रज्ञाच्या डोक्यातला साचा, दोन्ही.

आधी मृग म्हणजे काय ते बघू. सूर्याच्या वाटेचे, म्हणजे ३६० अंशांचे, २७ सारखे भाग केले की एकेक नक्षत्र १३ अंश २० कलांचं होतं. एवढी वाट कापायला सूर्याला १३-१४ दिवस लागतात. म्हणून आपलं पावसाचं गणित पंधरवड्यासारखं चालतं: ७-८ जूनला मृग, २१-२२ला आर्द्रा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू, मग पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि सप्टेंबरच्या शेवटी हस्त. पुनर्वसूला ‘तरणा’ आणि पुष्याला ‘म्हातारा’ पाऊस म्हणतात, हे ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी माहीत असेल.

आता इथे एक मोठी गंमत आहे. गावात कुणालाही विचारा, मृग कधी लागतो? सात जून. कायमच? कायमच. बापजाद्यांपासून. तर ते खरं नाही. नक्षत्रं ताऱ्यांच्या हिशोबाने मोजली जातात आणि ऋतू पृथ्वीच्या कललेल्या अक्षाच्या हिशोबाने. हा अक्ष भोवऱ्यासारखा फार सावकाश डोलतो. सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरी. त्यामुळे ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण २० मिनिटांनी मोठं आहे. रोजच्या आयुष्यात २० मिनिटं म्हणजे काहीच नाही, एसटी त्याहून जास्त उशिरा येते. पण ७२ वर्षांत त्या मिनिटांचा एक अख्खा दिवस होतो.

पुरावा हवा असेल तर संक्रांत बघा. विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. संक्रांत पुढे सरकली. (जाता जाता: पानिपत १४ जानेवारी १७६१ला झालं म्हणून ते संक्रांतीच्या दिवशी झालं आणि तेव्हापासून ‘संक्रांत कोसळणे’ आलं, असं बऱ्याचदा ऐकू येतं. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती हे ठीक, पण हिशोब मागे नेला तर १७६१ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. आजची तारीख भूतकाळात जशीच्या तशी हार्डकोड केली की असं होतं.)

हाच हिशोब मृगाला लावा. ज्ञानेश्वरांच्या काळात, तेराव्या शतकाच्या अखेरीस, आजच्या कॅलेंडरने मोजलं तर मृग मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लागत होता. वराहमिहिराच्या काळात, म्हणजे सहाव्या शतकात, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. पण मोसमी वारे ताऱ्यांबरोबर सरकत नाहीत, ते जमीन आणि समुद्र तापण्याच्या फरकावर चालतात, आणि तो फरक ऋतूंच्या वर्षाला बांधलेला आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी मृगात पेरायला निघालेला माणूस बहुधा रणरणत्या उन्हात उभा राहिला असता. मृग आणि पावसाची सुरुवात यांची जी गाठ आपल्याला सनातन वाटते, ती गेल्या काही शतकांत जुळून आलेली गाठ आहे. आणखी हजार वर्षांनी मृग २०-२२ जूनला लागेल, तेव्हा ती सुटलेलीही असेल.

मला यात सर्वात जास्त काय आवडतं सांगू? साचा टिकला, आतला माल बदलला. पिढ्यान्‌पिढ्या कुणी तरी, कुणालाही न विचारता, कुठल्या नक्षत्राकडून पावसाची अपेक्षा करायची हे थोडं थोडं बदलत नेलं असणार. त्याची नोंद नाही, सभा नाही, ठराव नाही. जुनी समजूत मोडली असंही कुणाला वाटलं नसणार, कारण ‘नक्षत्र पाऊस देतं’ हे वाक्य शाबूतच राहिलं.

पंचांग करणाऱ्यांना मात्र हा घोळ दिसला होता, आणि एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात त्यावरून चांगलीच जुंपली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६०मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली, युरोपातल्या नव्या वेधांवर आधारलेली. मग १८६५पासून आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांचं पटवर्धनी पंचांग निघू लागलं. त्यांनी नक्षत्रचक्राची सुरुवात रेवतीच्या एका ठरावीक ताऱ्यापासून धरली. त्यामुळे रूढ पंचांगापेक्षा सुमारे चार दिवसांचा फरक पडला. पुढे टिळक पंचांगाने तीच वाट धरली, म्हणून ते पंचांग मानणाऱ्या घरांत आजही संक्रांत १० जानेवारीला होते. आणि त्याच न्यायाने त्यांचा मृगही ३-४ जूनला लागतो. एका गल्लीत दोन पंचांगं असतील तर एका घरात मृगाचा पाऊस आणि शेजारच्या घरात तोच पाऊस रोहिणीचा.

१८८०च्या दशकात विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी याहून टोकाची भूमिका घेतली. ताऱ्यांना सोडा, ऋतूंना धरा. सायन पंचांग. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ १८९६चा. मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. अवघ्या दोन वर्षांनी, १८९८मध्ये ते गेले. आजही भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला हा ग्रंथ ओलांडून पुढे जाता येत नाही. तर्काने पाहिलं तर सायनवाल्यांचं म्हणणं बिनतोड होतं: सण ऋतूंचे आहेत, मग ते ऋतूंतच पडायला हवेत. पण त्यांच्या गणिताने ७ जूनला सूर्य मृगात नाही, आर्द्रेत. मृग मे महिन्याच्या मध्यावर संपूर्ण उन्हाळ्यात. आता हे जाऊन कुणबिकी करणाऱ्याला सांगा. शिवाय आकाशात मान वर करून बघितलं तर त्या नावाचे तारे त्या जागी नाहीत. सायन पंचांग लोकांत रुजलं नाही.

१९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने परत तोच प्रश्न हातात घेतला, १९५५मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ऋतूंना बांधलेली, नेटकी, एकदम साफ डिझाइन. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापतात. घरातल्या भिंतीवर मात्र १९७३पासून कालनिर्णय आहे.

आणि याच सरकण्याचा टिळकांनी काय उपयोग केला बघा. १८९३च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी म्हटलं की वैदिक वाङ्मयात वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा आहेत, म्हणजे तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांचा. त्यांचा निष्कर्ष आज बहुतेक अभ्यासक मान्य करत नाहीत. पण विचाराची उडी बघण्यासारखी आहे. पंचांगकर्त्यांना जो बग वाटत होता तो टिळकांना टाइमस्टँप वाटला. तोच आकडा, वेगळा साचा.

आता वाहनाकडे येऊ. ‘मृगाचं वाहन कोल्हा, यंदा पाऊस कमी’ अशा बातम्या दर वर्षी मे महिन्यात येतात आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या पडतातच. हे वाहन काढायची रीत अशी: सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथपासून त्या दिवशीच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजा, नऊने भागा, बाकी बघा. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, शून्य हत्ती. बस्स. माझ्या भाषेत मॉड्युलो नाइन. एका ओळीचं फंक्शन. नक्षत्रं २७, वाहनं ९, म्हणजे प्रत्येक वाहनाच्या वाट्याला बरोबर तीन नक्षत्रं. भरपूर पावसाची वाहनं तीन: बेडूक, म्हैस, हत्ती. म्हणजे लांबच्या हिशोबात तीनातून एकदा चांगला पाऊस येणार, हे गणिताच्या रचनेतच आहे. आकाशात काहीही घडो.

आणि हे सगळ्या महाराष्ट्राला एकच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे साडेसहाशे-सातशे. दोघांना हत्ती एकच. भूगोलाची दखल म्हणाल तर घोडा आला की डोंगराळ भागात पाऊस, एवढीच. कारण या साच्यात ‘कुठे’ हा रकानाच नाही, फक्त ‘कधी’ आहे.

इथपर्यंत ऐकून काही जण मनात म्हणत असतील, बरोबर आहे, अंधश्रद्धा. थांबा. आता लंडनला जाऊ.

१८७६ ते ७८चा दख्खनचा दुष्काळ. सोलापूर, नगर, विजापूर होरपळत होते, आणि आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. नॉर्मन लॉकियर हे त्या काळातलं खगोलशास्त्रातलं मोठं नाव, हेलियमच्या शोधाशी जोडलेलं, ‘नेचर’ या नियतकालिकाचे संस्थापक संपादक. त्यांनी आणि हिंदुस्थान सरकारच्या सांख्यिकी खात्याचे विल्यम हंटर यांनी १८७७च्या नोव्हेंबरात एक लेख लिहिला: सूर्यावरचे डाग आणि दुष्काळ. डागांचं सुमारे ११ वर्षांचं चक्र आहे, मद्रासच्या पावसातही तसं चक्र दिसतं, म्हणजे दुष्काळ सूर्यावरून येतो. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स आणखी पुढे गेले: डागांमुळे हिंदुस्थानात पीक बुडतं, त्यामुळे इंग्लंडचा कापडाचा खप घटतो, त्यामुळे तिथे बाजार कोसळतो. बाजारातल्या संकटांमधलं सरासरी अंतर साडेदहा वर्षांच्या जवळ येत होतं आणि डागांचं चक्र ११.१ वर्षांचं, त्यामुळे जुळेना. मग डागांच्या चक्राचा १०.४५ वर्षांचा दुसरा एक अंदाज त्यांना मिळाला आणि तो त्यांनी उचलला.

मला हा मॉड्युलो नाइनचाच भाऊ दिसतो. दुर्बीण होती, आकडे होते, छापील नियतकालिक होतं. पण खालचा साचा काय? जमिनीवरच्या संकटाचं वेळापत्रक आभाळात असतं, आणि ते गोल फिरत असतं. नक्षत्रांची फेरी काय, डागांची फेरी काय.

फरक एक होता आणि तो मोठा होता. डागांचं म्हणणं खोटं ठरू शकत होतं आणि लोकांनी ते तपासलंही. जास्त ठिकाणचे, जास्त वर्षांचे पावसाचे आकडे आल्यावर ते चक्र विरून गेलं. वाहनांची पाच-पन्नास वर्षांची यादी आणि तालुक्याचा पाऊस शेजारी ठेवून कुणी बघत नाही. खरं तर एका संध्याकाळचं काम आहे.

पण साच्याचा तोटा तेवढ्यावर संपत नाही. दुष्काळ सूर्यावरून येतो म्हटलं की काही प्रश्न विचारायचेच राहतात. त्याच १८७७मध्ये रिचर्ड टेंपल साहेबांनी दुष्काळी कामावरच्या मजुराच्या रोजच्या मजुरीतला धान्याचा भाग सुमारे एक पौंडापर्यंत उतरवला होता. म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि काम खडी फोडण्याचं. त्याच वर्षी पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करत होती: किती जनावरं मेली, धान्याचा भाव काय, कामावर किती लोक, मजुरी किती मिळते. गणेश वासुदेव जोशी, रानडे ही त्यामागची माणसं. त्यांच्या साच्यात दुष्काळ आभाळातून सुरू होत असेल, पण माणूस मरतो तो कचेरीतल्या निर्णयाने. महाराष्ट्राला हा साचा कायद्यात यायला शंभर वर्षं लागली. १९७२च्या दुष्काळानंतर १९७७चा रोजगार हमी कायदा आला. त्यात पावसाबद्दल काही नाही. त्यात आहे काम आणि मजुरी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ७२ची आठवण निघाली की ती पावसाआधी सुकडीची आणि खडीची निघते.

हवामान खात्याची गोष्टही साच्यांचीच आहे. खातं निघालं १८७५ला. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. १८८४मध्ये त्यांनी मांडलं की हिमालयात बर्फ जास्त पडलं तर पुढचा मोसमी पाऊस कमी होतो. ४ जून १८८६ला पहिला हंगामी अंदाज निघाला. म्हणजे नजर आभाळातून डोंगरावर आली. त्यांच्यानंतर जॉन इलियट. त्यांनी १८९९मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि शतकातल्या सर्वात भयंकर दुष्काळांपैकी एक पडला. १९०४मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर आले. त्यांना हवामानाचा अनुभव जवळजवळ नव्हता, आणि माझ्या मते तेच पथ्यावर पडलं. कारण काय, हे आधी ठरवायचं नाही. जगभरच्या ठिकाणांचे हवेच्या दाबाचे, पावसाचे आकडे घ्यायचे आणि काय कशाबरोबर हलतं ते बघायचं. मोजणी हाताने, कारकुनांकडून. त्यातून १९२०च्या दशकात पॅसिफिकच्या दोन टोकांमधली हवेच्या दाबाची ढकलाढकली सापडली, आणि १९६९मध्ये बियर्कनेस यांनी ती एल निनोशी जोडली. आज मे महिन्यात केज तालुक्यातला दुकानदारसुद्धा ‘एल निनो आहे म्हणे यंदा’ म्हणतो. नवं नक्षत्र आलं, असं मी गमतीने म्हणतो. वाक्याची रचना तीच आहे: एल निनोने पाऊस खाल्ला.

वॉकरांच्या साच्याने आपल्याला आणखी एक गोष्ट दिली: सरासरी. ‘सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के’ म्हणजे सामान्य पाऊस. ही सरासरी १९७१ ते २०२०ची, देशभरासाठी ८७ सेंटीमीटर. हा आकडा खरा आहे, उपयोगी आहे. पण सरासरीएवढा पाऊस कुठल्याच शेतावर पडत नाही. सोयाबीन पेरणाऱ्याला हवं असतं ते ७५ ते १०० मिलिमीटर पेरणीआधी, मग वाफसा, मग उगवणीनंतर वीस-पंचवीस दिवसांचा खंड न पडणं. बियाण्याची बॅग, खत, ट्रॅक्टर एकदाच परवडतं. दुबार पेरणी म्हणजे वर्षाचा हिशोब जूनमध्येच बिघडला. हंगाम अखेरीस सरासरी भरून निघते, बॅग परत येत नाही.

सरकारचाही एक साचा आहे. आमच्या युसूफ वडगाव महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. चौसष्ट झाला तर पाऊस. इफ-एल्स. मी रोज असले उंबरठे लिहितो, कुठे तरी रेघ ओढावीच लागते हे कळतं. पण पर्जन्यमापक मंडळाच्या एका जागी आणि ढग दुसऱ्या शिवारावर, हे काही त्या कोडमध्ये बसत नाही.

२०२५चा मे महिना आठवतोय? २४ मेला मोसमी पाऊस केरळात आला आणि २६ मेला मुंबईत, इतक्या लवकर मुंबईत आल्याची नोंद नव्हती. मराठवाड्यातही तो महिना भिजलेलाच गेला. खातं म्हणत होतं मान्सून दाखल. गावात लोक म्हणत होते अवकाळी, कारण मृग लागायला अजून दोन आठवडे होते आणि मृगाआधी येतो तो वेळेचा पाऊस नाही. ‘अवकाळी’ या शब्दातच सगळा साचा बसलाय: काळाबाहेरचा. कृषी विभाग सांगत होता, घाई करू नका, पेरू नका. पुढे जूनचा पहिला पंधरवडा वारे अडकून पडले, तेव्हा गावाचा शब्द आणि कृषी विभागाचा सल्ला एका बाजूला आले आणि खात्याचं ‘दाखल’ दुसऱ्या बाजूला.

आणि खात्याचं तरी काय? त्यांच्या हिशोबात मोसमी हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर. त्यामुळे मान्सून आल्याचं जाहीर करून झाल्यावर मे महिन्याच्या उरलेल्या दिवसांत मुंबईत जो पाऊस कोसळला, तो हंगामाच्या बेरजेत धरलाच गेला नाही. तो गेला मार्च ते मेच्या रकान्यात, मान्सूनपूर्व म्हणून.